मुंगूस हळू पळालं तो दिवस

कॅसेटमध्ये फुंकर मारू नका.

तीस वर्षं हे सांगतोय. पण व्हिडिओ गेमची कॅसेट माझ्या काउंटरवर ठेवण्याआधी तिच्यात तोंड घालून फुंकर न मारणारा माणूस कोल्हापुरात मला अजून भेटायचा आहे. "अण्णा, पूर्वी फुंकल्यावर चालायची की!" चालायची. कारण फुंकायला ती बाहेर काढली जायची आणि परत घालताना आतल्या पट्ट्या नीट बसायच्या. काम बसवण्यानं केलं, नाव फुंकरीचं झालं. उलट थुंकीनं पट्ट्यांवर गंज चढायचा, आणि तो खरवडायला लोक माझ्याकडं यायचे. तेव्हा फुंकरीला मी फार नावं ठेवत नाही. तिच्यावर माझं घर चाललंय.

शाहूपुरीतल्या माझ्या दुकानावर पाटी आहे ‘टीव्ही-रेडिओ दुरुस्ती’. रेडिओ आता कुणी आणत नाही. टीव्ही इतका पातळ झाला की त्यात हात घालायला जागाच राहिली नाही. उरले हे गेमवाले. वय चाळीस ते पंचावन्न, दारात मोठी गाडी, आणि पिशवीतून निघतं माळ्यावरचं धुळकट मशीन. एक दातांचे डॉक्टर आले होते. मी मशीन उघडून ब्रशनं साफ केलं, तर घाबऱ्या घाबऱ्या म्हणाले, "धूळ कुठं टाकली?" लहानपणची धूळ होती म्हणे. दुसरे एक प्राध्यापक. मुलांना मोबाइलपासून कसं वाचवावं यावर गावोगाव व्याख्यानं देतात. दुकानात हेल्मेट न काढताच उभे राहिले. "मुलासाठी दुरुस्त करायचंय." मुलगा कितवीला, विचारलं, तर अमेरिकेत नोकरीला.

या सगळ्यांना हवा असतो एकच गेम. त्याचं खरं नाव परदेशी आहे आणि कुणाला धड उच्चारता येत नाही. त्यात एक प्राणी सुसाट पळतो. कुणी त्याला ससा म्हणायचं, कुणी घूस. शेवटी गावानं एकमतानं त्याला मुंगूस ठरवलं. मुंगसानं उजवीकडं पळायचं, खड्डे चुकवायचे, उतारावरून घसरायचं, उड्या मारायच्या. थांबलं की मागून वणवा येतो आणि जाळतो. बास, एवढंच. यापेक्षा शंभर पटींनी देखणे गेम आज फोनवर फुकट मिळतात. तरी शहाणीसुरती माणसं या मुंगसापायी माझ्याकडं हेलपाटे घालतात.

का, यावर मी बराच विचार केलाय. एक तर त्यात समजून घ्यायला काही नाही. दुसरं असं, की त्यातला खड्डा तीस वर्षं त्याच जागी आहे. आमच्या रस्त्यावरचा खड्डा आज इथं, तर उद्या चार पावलं पुढं. मुंगसाचा खड्डा कलेक्टरलाही तोच आणि रिक्षावाल्यालाही तोच. पडलास तर चूक तुझी. वशिला नाही, साहेब जेवायला गेलेले नाहीत. इतका सरळ न्याय या माणसांना दिवसभरात दुसरीकडं कुठं मिळत नसावा.

आणि अशा खेळात मी काय केलं, ते सांगायला हा लेख लिहितोय.

आधी सुरेखाबद्दल सांगायला पाहिजे. तिचा मामा लक्ष्मीपुरीत व्हिडिओ गेमचं पार्लर चालवायचा. पुढं पार्लर, मधे फळ्यांची भिंत, मागं घर. सुरेखा शाळेसाठी मामाकडं राहायची. तेव्हा असेल अकरा-बारा वर्षांची. पार्लरमध्ये पोरींनी जायचं नाही, हा नियम कुणी लिहिला नव्हता आणि कुणी मोडतही नव्हतं. पण मशीनं दुरुस्त करायला मी सकाळी पार्लर उघडायच्या आधी जायचो, आणि दुरुस्तीनंतर कुणीतरी खेळून बघावं लागायचं. मला खेळता येत नाही. मुंगूस पहिल्याच खड्ड्यात पडतं. मग सुरेखा दप्तर बाजूला ठेवून रिमोट हातात घ्यायची आणि मी स्क्रू आवळेपर्यंत ते जनावर कुठल्या कुठं नेऊन सोडायची. दिवसभर फळ्यांच्या पलीकडं अभ्यास करता करता ती नुसता आवाज ऐकायची. "अण्णा, तीन नंबरच्या मशीनचं गाणं बिघडलंय," म्हणायची. मी उघडून बघावं, तर खरंच काहीतरी बिघडलेलं असायचं.

पुढं ती लग्न होऊन हुपरीला गेली. पार्लर तोवर बंद पडत आलं होतं. मामानं भाचीच्या रुखवतात लाडू, करंज्या, भरतकामाचे रुमाल मांडले आणि मधोमध मुंगसाचं मशीन ठेवलं. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्यानं तो शेगडीचा नवा प्रकार समजून चौकशीही केली होती.

हुपरी म्हणजे चांदीचं गाव. घराघरात पैंजण होतात. सुरेखा दिवसभर पैंजणाला बारीक घुंगरू झाळते, म्हणजे ज्योतीवर धातू वितळवून एकेक दाणा जोडते. दुपारी जेवणानंतर अर्धा तास मुंगूस. "दिसभर नजर एका जागी बांधून ठेवतो अण्णा, मग अर्धा तास तिला पळवून आणतो," ती म्हणायची. (आमच्याकडच्या बायका स्वतःला ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. बाहेरच्या वाचकांनी दचकू नये.) तिची सासू कॉटवर बसून बघते आणि मुंगूस पडलं की तिला झापते. वर्षा-दोन वर्षांनी मशीन रुसलं की सुरेखा ते टॉवेलात गुंडाळून एसटीनं माझ्याकडं आणायची.

आता पिंटूशेठ. प्लॉट विकतात. त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली, आणि ही गोष्ट गावापासून लपून राहू नये म्हणून चौकाचौकात फलक लागले. त्यावर शेठचा गॉगलवाला फोटो, शेजारी मुंगूस आणि खाली ‘लक्ष्मीपुरी पार्लरचा तोच तो राजा’. वाढदिवसाला मंगल कार्यालयात मुंगूस स्पर्धा, विजेत्याला चांदीची गदा. पैलवानांच्या गावात बक्षीस गदाच, मग कुस्ती मुंगसाची का असेना.

त्या पार्लरमध्ये मी रोजचा होतो. शेठही रोजचे होते. पण राजा वगैरे कोण होतं हे मला माहीत होतं, आणि ते फळ्यांच्या मागं बसून पाढे म्हणत होतं.

शेठ दुकानात आले ते मशीन तपासायला. मी जोडून दिलं. त्यांनी रिमोट घेतला. मुंगूस पडलं. परत पडलं. सातव्यांदा पडल्यावर शेठनी चष्मा पुसला.

"अण्णा, हे पूर्वीपेक्षा जोरात पळतंय."

"न्हाई शेठ. ते तेवढंच पळतंय."

"मग मी म्हातारा झालो म्हणायचं व्हय?"

यावर दुकानदारानं बोलायचं नसतं. शेठनी स्टूल पुढं ओढलं आणि आवाज खाली आणला. "जरा हळू करता येतंय का वो?"

इथं थोडा धंदा समजावतो. टीव्हीवर चित्र हलतं म्हणजे सेकंदाला अनेक चित्रं एकामागून एक दाखवली जातात. जपान-अमेरिकेत साठ, आपल्याकडं पन्नास. हा गेम साठवर बेतलेला, आणि इथं आलेली त्याची मशीनंही साठवरच चालणारी. आणि गेमला घड्याळ कळत नाही, तो चित्रं मोजतो. मशीनमध्ये एक बारीक बटण बसवून त्याला पन्नासवर टाकलं, की मुंगूस सहाव्या हिश्शानं हळू पळतं. गंमत अशी, की पडद्यावरचं सेकंदांचं घड्याळही तितकंच हळू चालतं. म्हणजे खेळणाऱ्याला विचार करायला सवड मिळते आणि वेळ मात्र कमीच दिसतो. चोरी आणि पावती एकाच खिशात.

"येतंय," मी म्हणालो. "पण चित्राच्या वर-खाली काळी पट्टी येती. लोकांना कळंल."

"मग?"

आता खरं सांगतो. पैशासाठी मी हे केलं नाही. पण हे सांगून मी मोठा होत नाही, कारण मी केलं ते त्याहून हलक्या गोष्टीसाठी. त्या "मग?"मध्ये मला आव्हान दिसलं. जुन्या पेटीसारख्या टीव्हीच्या मागं चित्राची उंची वाढवायचा एक स्क्रू असतो. तो पिळला की पट्टी गायब. हे कोल्हापुरात माझ्याशिवाय आता कुणाला माहीत नाही. तीस वर्षं लोकांची थुंकी खरवडणाऱ्या माणसाला एकदा तरी असं काही करून दाखवायचं होतं, जे कुणालाच कळणार नाही.

"कुणाला कळणार न्हाई असं करून देतो," मी म्हणालो.

बेत असा ठरला. सगळे स्पर्धक एका टीव्हीवर खेळणार. शेठ मात्र ‘लहानपणच्या टीव्हीवर’ शेवटी खेळणार, भावनेचा प्रश्न म्हणून. लहानपणचा टीव्ही मी भंगारातून आणला. त्याला बटण बसवलेलं मशीन जोडलं आणि झेंडूच्या माळा घातल्या.

त्याच आठवड्यात सुरेखा दुरुस्तीचं मशीन न्यायला आली. दुकानात फलक चिकटवलेला होता, तो तिनं वाचला.

"बायकांना हाय काय वो?"

"पुरुषांचा गोंधळ असतोय त्यो. येवढ्या लांब कशाला येतीस?" मी म्हणालो. तिची काळजी वाटत होती असं नाही. मला तिच्या कानांची भीती वाटत होती.

ती आली. सासूला घेऊन आली. कार्यालयात तीनशे माणूस, बाहेर मटणाच्या पातेल्यांना वाफ, आणि आत भिंती हादरवणारे डीजेचे स्पीकर. आवाज लहान ठेवा असं मी शेठना तीनदा सांगितलं होतं. पण कोल्हापुरात आवाज लहान ठेवणं म्हणजे यजमानाचा अपमान. त्यांनी टीव्हीचा आवाज थेट त्या स्पीकरांना जोडला.

नियम सोपा होता. प्रत्येकाला एक डाव, पहिल्या तीन स्टेजी, पडद्यावर वेळ कमी दिसेल तो जिंकला. वेळ फळ्यावर लिहायचा. इंजिनिअर, वकील, दोन डॉक्टर, सगळे पोट आवरत खेळून गेले. निम्मे पहिल्याच स्टेजीत जळले. मग सुरेखाचं नाव पुकारलं. मागून शिट्ट्या वाजल्या. निवेदक माइकवर म्हणाला, "ताई, ह्यात फोडणी द्यायची न्हाई बरं का!"

सुरेखानं पदर खोचला आणि रिमोट घेतला. पहिल्या उतारानंतर शिट्ट्या थांबल्या. दुसऱ्या स्टेजीला माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मुंगूस थांबतच नव्हतं. खड्डा दिसायच्या आधी ती उडी मारून मोकळी होत होती. तिसरी स्टेज संपली, तेव्हा फळ्यावर लिहिणारा खडू हातात धरून नुसता बघत राहिला होता. दुसऱ्या नंबरवाल्याला तिनं अर्ध्या मिनिटानं मागं टाकलं होतं.

"ह्या बाईनं सैपाकबी येवढ्या चपळाईनं केला असता तर!" पहिल्या रांगेतून सासू म्हणाली. पण मान ताठ होती.

शेवटी शेठ. फटाके झाले, माळा घातलेल्या टीव्हीला नमस्कार झाला, डाव सुरू झाला. माझा स्क्रू चोख होता. काळी पट्टी नाही, काही नाही. तीनशे डोळ्यांच्या जोड्यांना कळलं नाही. आणि स्पीकरमधून मुंगसाचं गाणं दणदणायला लागलं.

शेजारच्या खोलीत दूध उतू गेल्यावर बाईमाणूस जसं मान वर करतं, तशी सुरेखानं केली. उठून माझ्याजवळ आली.

"अण्णा, गाणं हळू का लागतंय?"

"जुना टीव्ही हाय. स्पीकर बसलाय त्याचा."

"आवाज तर त्या मोठ्या स्पीकरातनं येतोय की."

मी वायर बघायचं सोंग केलं. ती जागेवर जाऊन बसली.

शेठ जिंकले. दोन सेकंदांनी. त्यांनीच ठेवलेली गदा त्यांनाच मिळाली. ती त्यांच्याच भाचीच्या हस्ते त्यांनी स्वीकारली, आणि गहिवरलेसुद्धा. मला वाटतं तोवर त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं. लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. तेवढ्यात सुरेखा स्टेजवर आली.

"शेठ, मी एक डाव तुमच्या टीव्हीवर खेळू काय?"

"खेळ की ताई, कवाबी!" शेठ वरूनच म्हणाले.

मला हायसं वाटलं. म्हटलं, हळू मुंगूस तर ती झोपेत पळवंल, आणि शेठचं पितळ आपोआप उघडं पडंल. मला तोंड उघडायला नको.

पण ती पहिल्याच खड्ड्यात पडली. परत खेळली, परत तिथंच. तिची उडी दरवेळी आधी पडत होती. तीस वर्षं बोटांना एकच चाल ठाऊक. मुंगूस काठावर पोचायच्या आत बोट दाबलं जायचं आणि ते बरोबर खड्ड्याच्या मधोमध उतरायचं. ज्याला खेळता येत नाही त्याला त्या मशीनवर जमत होतं. जिला येत होतं, तिलाच जमत नव्हतं. तिसऱ्यांदा मुंगूस पडलं, तेव्हा सभागृह खदखदून हसलं.

सुरेखानं रिमोट खाली ठेवला. "ह्याला हळू केलंय," ती म्हणाली. "माझी उडी आधी पडतीया."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"अण्णांना इचारा," ती म्हणाली. "त्यांनीच जोडलंय. त्यांना म्हाईत असंल."

निवेदकानं माइक माझ्यापुढं धरला. शेठ लोकांच्या खांद्यावरून माझ्याकडं बघत होते. सुरेखाही बघत होती, पण तिच्या बघण्यात धाक नव्हता. तिला खात्री होती, आणि मला तेच सोसत नव्हतं.

"टीव्ही जुना आहे," मी म्हणालो. "मशीनमध्ये काही दोष नाही."

दुसरं वाक्य खरंच होतं. मशीन निर्दोष होतं. सुरेखा सोडली, तर त्या व्यासपीठावर तेवढं एकच होतं.

रिमोटची वायर सुरेखानं व्यवस्थित गुंडाळली, मी तिला लहानपणी शिकवलं होतं तशी, आणि खाली उतरली. सासू मात्र जेवायच्या पंगतीकडं न वळता सरळ शेठसमोर गेली. गदेवर बोटानं टकटक केलं. "आमच्याच गल्लीत झालीया ही. वर पत्रा हाय, आत लाकूड," एवढं सांगून सुनेला घेऊन निघून गेली. तीनशे माणसांच्या सभेत त्या दिवशी खरं बोलणाऱ्या दोघीच निघाल्या, आणि दोघीही न जेवता गेल्या. मी जेवलो. रस्सा चांगला होता.

त्यानंतर वर्ष गेलं, सुरेखा दुकानाकडं फिरकली नाही. दुकानात टॉवेलाची गुंडाळी घेऊन कुणी आलं की मी मान वर करायचो. कधी इस्त्री निघायची, कधी मिक्सर. शेवटी एका गुरुवारी दुकान बंद ठेवलं आणि हुपरीची एसटी धरली.

घर सापडायला वेळ लागला नाही. सुरेखा झाळायला बसली होती. सासूनं कॉटवरूनच ओळखलं. "या पावणं. टीव्ही कसा हाय तुमचा? अजून जुनाच काय?"

मी बसलो. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एक कसंबसं निघालं. "सुरेखा, त्या दिवशी गाणं हळूच हुतं. मीच केलंतं."

तिनं फुंकणी खाली ठेवली नाही. "म्हाईत हाय मला. कान हायत की."

"मग जोर लावून बोलायचं हुतंस."

"बोललो की अण्णा. तुम्ही बोलला न्हाईसा." तिनं एक घुंगरू चिमट्यात धरला, जागेवर बसवला. "आणि आता घरात येऊन मला काय सांगताय? मला ठावं हायच. ज्यांना न्हाई त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. या अंकात पिंटूशेठची पानभर जाहिरात असते. तिच्या शेजारी हे छापायचं का, ते संपादकांनी ठरवावं. मी शेठना जाऊन आधीच सांगून आलोय. ते हसले. "लिवा की अण्णा, व्हिडिओ गेमच हाय, कोण वाचतंय!" म्हणाले. गदा त्यांच्या मागं काचेच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं.

त्या दिवशी हुपरीत चहा झाला. निघताना, निदान एवढं तरी करावं म्हणून मी म्हणालो, "मशीन दे. साफ करून आणून देतो."

"केलं मी."

"तू उघडलंस?"

"त्यात काय? हितं रोज ह्याहून बारीक झाळतोय." तिनं मशीन पुढं सरकवलं. मी चष्मा चढवून आत बघितलं. एकेक जोड मोहरीच्या दाण्याएवढा, गोल, चकचकीत. आयुष्यात मला असा एकही जमला नाही. कोपऱ्यात आणखी तीन-चार मशीनं टॉवेलांत, पिशव्यांत गुंडाळून ठेवली होती. इचलकरंजीचं गिऱ्हाईक आहे, सांगलीचं आहे, असं सासू अभिमानानं सांगत होती.

सुरेखानं त्यातलं एक उघडं मशीन उचलून उजेडात धरलं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. तो ओघळलेला, ओबडधोबड सोल्डरचा गोळा माझाच होता.

"ह्येचं आधीचं काम कुणी केलंय कुणास ठावं," ती म्हणाली. "नुसतं थापून ठेवलंय. बघा की अण्णा, ओळखतंय का कुणाचं?"

सासू माझ्याकडं बघत होती. सुरेखा मशीनकडं.

"माझंच," मी म्हणालो.

"बरं झालं सांगितलासा," सुरेखा म्हणाली आणि चिमटा माझ्या हातात दिला. "धरा हितं. काढायला दोघं लागत्यात."